टंच सेंटर, रविवार पेठ: नऊ नाणी, नऊशे रुपये आणि एक चारसोबीस

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकत नाहीये. मालकांनीच सांगितलं, "ताई, नेटवर नाव नका टाकू, मागं एकानं टाकलं तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लोकं डबेच्या डबे घेऊन आली, मला जेवायला सवड गावंना." तर ज्यांना जायचंय त्यांनी सोन्या मारुती चौकाच्या मागच्या बोळात शिरायचं, टंच (म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता) काढून देणारी चार-पाच दुकानं ओळीनं लागतात, त्यातलं खाली मसाल्याचं दुकान आणि वर जायला लाकडी जिना असलेलं ते हे. "विट्याचे दादा कुठं बसतात" असं विचारून काही उपयोग नाही, निम्मी गल्ली विटा-आटपाडीकडचीच आहे. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात सांगली जिल्ह्यातली ही गलाईवाली माणसं देशभर पसरलीयत, पुण्यात तर घरच्यासारखीच. गाडी अजिबात नेऊ नका. आम्ही मेट्रोनं मंडईला उतरलो आणि चालत गेलो, आईचे गुडघे धरून दहा-बारा मिनिटं.

जायचं कारण असं की आजी गेल्यावर देवघराच्या खालच्या कप्प्यात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा सापडला, त्यात फडक्यात बांधलेली आठ चांदीची नाणी. चार आपले राणीछाप रुपये, ते लक्ष्मीपूजनाला दरवर्षी निघायचे म्हणून ओळखीचे. बाकीची चार मात्र मोठीच्या मोठी, तळहातावर ठेवली तर चांगलंच वजन लागतं, आणि त्यावरची बरीचशी अक्षरं कुणाला वाचता येईनात. आम्ही आधी लक्ष्मी रोडवरच्या एका नेहमीच्या सराफाकडं नेली (नाव कशाला), त्यानं हातात घेऊन दोनदा वरखाली केली आणि म्हणाला, परदेशी चांदी हलकी असते, ऐंशी टक्के धरून वजनावर घेतो, रुपये पण त्यातच. चांदी किलोला लाखाच्या पुढं कधीच गेलीय, आणि हा माणूस न तपासता वीस टक्के कापतोय. आई तिथंच म्हणाली, "उठ गं." मग ठरलं की विकायचं-बिकायचं नंतर बघू, आधी टंच काढून आणू, म्हणजे शुद्धता किती ते कागदावर येईल.

आता दुकान. आठ बाय दहाची खोली, एक बाकडं, त्यावर तीन माणसं बसली की चौथ्यानं जिन्यात उभं राहायचं. भिंतीला टेकून ते एक्सरेचं मशीन, मायक्रोवेव्हएवढं, झाकण उघडायचं, वस्तू ठेवायची, बंद करायचं, अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरवर चांदी किती, तांबं किती, जस्त किती असे आकडे. नगाला शंभर रुपये. कॅश किंवा स्कॅन, दोन्ही चालतं. बाजूला काचेच्या पेटीत नाजूक तराजू, आणि पलीकडच्या कोपऱ्यात मूस आणि भट्टी, म्हणजे ज्याला आटवायचंय त्याचं तिथंच आटवून लगड करून देतात. गिऱ्हाईक जास्त करून आसपासच्या सराफांची पोरंच, आमच्यासारखी डबा घेऊन आलेली मंडळी कमी.

पहिलीच गडबड झाली ती सांगून टाकते कारण ती महत्त्वाची आहे. दादा, म्हणजे मालक, फोनवर होते, हाताखालच्या पोरानं आमच्या रुमालातून १८६२ चा रुपया उचलला आणि थेट कसल्यातरी द्रावणाच्या वाटीकडं निघाला, चकचकीत करायला. मी एवढ्या जोरात ओरडले की जिन्यातला माणूस वर आला. नाण्यावर दीडशे वर्षांत चढलेला काळसर थर हीच त्याची किंमत असते, घासलेलं नाणं संग्रहवाले निम्म्या भावातसुद्धा घेत नाहीत. दादांनी त्या पोराला असा झापला की मलाच वाईट वाटलं. पण चूक त्याची नाही, त्याला रोज जोडवी आणि पैंजण धुवायची सवय. तुम्ही गेलात तर आत शिरल्या-शिरल्या सांगा, धुवायचं नाही, कापायचं नाही, कानस लावायची नाही.

रुपयांपासून सुरुवात केली. १८४०, १८६२, १८७७ आणि १८९२. चारही वजनाला साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे झीज धरून बरोबर, कारण १८३५ मधे कंपनी सरकारनं सगळ्या मुलखाला एकच रुपया लागू केला तो १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम, आणि तोच एक तोळा. आपले आजी-आजोबा तोळ्याच्या मापाला सरळ रुपया ठेवायचे ते ह्यामुळं. त्यात बाराव्या हिश्श्याची भेसळ, म्हणजे चांदी ९१.७ टक्के. मशीननं १८४० ला ९२ दाखवलं, १८९२ ला ९१.६, आणि १८६२ ला चक्क ९४. मी खूश, आई त्याहून खूश. दादा म्हणाले, "खूश नका होऊ ताई, हे मशीन वरवरचं बगतंय, केसाच्या जाडीइतकंबी आत जात न्हाय. जुन्या नाण्याच्या वरच्या कातडीतलं तांबं निघून जातंय, चांदी ऱ्हाती, म्हणून आकडा चढतो. आतला टंच बारातले अकराच." हे त्यांनी आपणहून सांगितलं हो, आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. ९४ म्हणून स्लिप दिली असती तरी आम्ही आनंदानं घरी गेलो असतो. इथं माझा पहिला स्टार.

ह्या १८६२ ची गंमत म्हणजे तो १८६२ चाच असेल असं नाही. सरकारनं १८७४ पर्यंत रुपयावर तेच साल छापत ठेवलं होतं, आणि मुंबईच्या टांकसाळीनं मागच्या बाजूला बारीक ठिपके घालून खरं वर्ष कोणतं ते दाखवायची सोय केली. आमच्यावर ठिपके आहेत, पण झिजून एकमेकांत मिसळलेत, आईनं भिंग घेऊन तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे आकडे आले. नाण्यावरच्या तारखेवर विसंबायचं नाही, हे त्या दुपारी मला चार वेळा शिकायला मिळालं, हा पहिला धडा.

मग मोठी नाणी. पहिलं निघालं ते मेक्सिकोचं, एका बाजूला साप धरलेला गरुड निवडुंगावर बसलाय, दुसऱ्या बाजूला एक टोपी आणि तिच्यातून चहूबाजूंनी किरणं, साल १८६१, बाजूला झाकातेकासच्या टांकसाळीची खूण. आठ रेआल म्हणायचे त्याला, तोच मेक्सिकन डॉलर. ठरलेलं वजन २७.०७ ग्रॅम, आमचं भरलं २६.९. पण दिसायला इतकं वाईट की आई म्हणाली, "हे कुणी एवढं ठोकलंय गं? हे मोडीत टाक." खरंच, सगळ्या अंगावर बारीक-बारीक ठसे, चिनी अक्षरं, फुल्या, चांदण्या, एका ठिकाणी तर गरुडाच्या पंखाला खड्डाच पडलाय.

आणि इथं मला राहवेना. कारण हे ठसे म्हणजे त्या काळच्या टंच सेंटरची स्लिप आहे! एकोणिसाव्या शतकात चीनमधे परदेशी चांदी यायची ती मुख्यतः ह्या डॉलरच्या रूपात, आधी स्पेनच्या राजाचं तोंड असलेले, मेक्सिको १८२१ मधे स्वतंत्र झाल्यावर हे गरुडवाले. चहा, रेशीम, चिनीमाती घ्यायची तर चांदी मोजा, आमचं तुमच्याकडून काही अडलेलं नाही, असा चिनी व्यापाऱ्यांचा खाक्या. पण परक्या देशाचा राजा काय छापतो ह्यावर ते कशाला भरवसा ठेवतील, म्हणून चीनच्या कँटन बंदरातला प्रत्येक पेढीचा पारखी नाणं वाजवून, तोलून, डोळ्यांनी बघून पास झालं की त्यावर आपला ठसा मारायचा. म्हणजे पुढं हे खोटं निघालं तर माझ्याकडं या. नाणं जितक्या हातांतून गेलं तितके ठसे, काही तर ठोकून ठोकून वाटीसारखे खोलगट झाले आणि शेवटी तुकडे पडून तागडीत गेले.

त्या पारख्याला तिकडचे इंग्रज व्यापारी म्हणायचे श्रॉफ. हा आपलाच सराफ, अरबीतून आपल्याकडं आलेला, आपल्याकडून इंग्रजांच्या तोंडी बसून कँटनला पोचलेला. माझी मैत्रीण हाँगकाँगला असते, ती सांगते की तिथं पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर अजूनही 'श्रॉफ' अशीच पाटी असते, तिला पहिल्यांदा वाटलं कुणा गुजराथी माणसाचं ऑफिस आहे. आणि त्या ठशाला म्हणायचे चॉप, तो आपला छाप. म्हणजे राणीछाप मधला छाप आणि ह्या मेक्सिकन नाण्यावरचा चॉप, शब्द एकच. मी हे सगळं दादांना सांगितलं, त्यांनी नाणं परत हातात घेतलं, त्या ठशांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हंजे आमचाच धंदा की. पर ह्यांला कागुद लागत नव्हता." आपण हे रिव्ह्यू टाकतो तेही काय वेगळं आहे, आपला एक बारीक ठसा मारायचा आणि नाणं पुढं सरकवायचं.

मशीननं ठरलेल्या ९०.३ च्या अगदी जवळचा आकडा दाखवला. वर दादांनी पाण्यात तोलून पण बघितलं, फुकट, म्हणजे एका वाटीत पाणी घेऊन नाणं दोऱ्यानं बुडवायचं आणि वजन किती घटतं ते बघायचं. २.६ ग्रॅम घटलं, मूळ वजनाला त्यानं भागलं की आकडा दहाच्या वर येतो, चांदीला तसाच यायला हवा. हे करायला सांगा तुम्हीपण, कारण मशीनला वरचा मुलामा फसवू शकतो, पाण्याला नाही फसवता येत.

ह्या मेक्सिकन डॉलरचा एक किस्सा मला फार आवडतो. १८६९ मधे मेक्सिकोनं नाण्याचं डिझाईन बदललं, टोपीच्या जागी तराजू आणला. वजन तेच, चांदी तीच. चिनी बाजारानं घ्यायला साफ नकार दिला, घेतलं तर बट्टा लावून, म्हणजे किंमत कापून. चार वर्षांत सरकारनं नाक मुठीत धरून १८७३ ला परत टोपी आणि किरणं आणली. आपल्या इथं हे नवीन नाही, १८३५ च्या आधी पुण्यातला अंकुशी रुपया चांदवडला न्या की बट्टा, चांदवडी इकडं आणा की बट्टा, सराफाचं घर त्यावरच चालायचं. नावाला बट्टा लागला म्हणतो तो हाच बट्टा. पोतदार, नाणावटी ही आडनावं पण ह्याच कामातून पडलेली.

दुसरं मोठं नाणं बघून तर मी उडालेच. एक बाई त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी, वर लिहिलंय वन डॉलर, साल १८९९, उलट्या बाजूला मधोमध चिनी अक्षर आणि भोवती चिनी आणि अरबी वळणाची मलायी लिपी. वाटेल की सिंगापूरहून आलं असेल. पण त्रिशुळाच्या मधल्या दाताशी भिंगातून बघितलं तर बारीक बी. बी म्हणजे बॉम्बे! हा डॉलर आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत पाडलाय, हाँगकाँग-सिंगापूरच्या बाजारासाठी, कारण तिकडं मेक्सिकन डॉलर पुरेनात. १८९५ पासून हे काम मुंबईत सुरू झालं, पुढं कलकत्त्यातही.

आणि ते मुंबईतच का, ह्यात सगळी मेख आहे, जरा लांबण लागेल पण ऐका. १८९३ च्या आधी आपल्या टांकसाळीत कुणीही चांदी घेऊन जावं, थोडी घडणावळ कापून तेवढ्या वजनाचे रुपये घेऊन यावं, अशी उघडी सोय होती, म्हणजे रुपया म्हणजे चांदी आणि चांदी म्हणजे रुपया. मग १८७१ नंतर जर्मनीनं सोन्याचं चलन धरलं आणि जुनी चांदी बाजारात ओतली, अमेरिकेनं १८७३ ला स्वतःच्या देशात चालणारा चांदीचा डॉलर पाडणं थांबवलं, फ्रान्स-बेल्जियमवाल्यांनी हात आखडता घेतला, आणि त्याच वेळी अमेरिकेच्या नेवाडातल्या खाणीतून चांदी नुसती वाहत होती. लंडनमधे औंसाला साठ पेन्सच्या आसपास असलेली चांदी वीस वर्षांत चाळीसच्या खाली. रुपया चांदीचा, त्यामुळं तो पण घसरला, दोन शिलिंगच्या जवळ असायचा तो सव्वा शिलिंगवर. म्हणजे पूर्वी एका पौंडाला दहा रुपये लागायचे तिथं सोळा. आणि इथल्या सरकारला दरवर्षी लंडनला पौंडात पैसे पाठवायचे असायचे, साहेबांच्या पेन्शनी, रेल्वेचं व्याज, ऑफिसचा खर्च. तो बोजा कुणावर, तर शेतसाऱ्यावर आणि करांवर.

शेवटी २६ जून १८९३ ला टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपया मुद्दाम दुर्मिळ करून एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांवर आणून टेकवला. सरकारचं काम झालं. पण सुप्याच्या किंवा शिरूरच्या बाईच्या पायातले तोडे, दंडातली वाकी, जी अडीनडीला मोडली की जवळजवळ वजनाइतके रुपये मिळायचे, ती एका दिवसात नुसता धातू झाली. शंभर तोळे चांदी म्हणजे शंभराच्या आसपास रुपये, हे गणितच संपलं. मुंबईचे गिरणीवालेही बोंबलत होते, त्यांचं सूत चीनला जायचं, तिथला गिऱ्हाईक चांदीत मोजणार आणि इकडं रुपया चांदीपेक्षा महाग, फावलं जपान्यांचं. डॉ. आंबेडकरांनी लंडनला डी.एस्सी. साठी ह्याच रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला तो उगाच नाही. आणि बघा गंमत, ज्या टांकसाळीनं १८९३ ला आपल्या माणसांची चांदी घ्यायची बंद केली तिनंच दोन वर्षांत चीनसाठी चांदीचे डॉलर पाडायला घेतले. आईला एवढंच पटलं, "म्हणजे तेव्हापण लक्ष्मी रोडवाल्यासारखंच, आपली चांदी ऐंशी टक्के."

जपानी येन पण निघाला एक, ड्रॅगनवाला, ठीक आहे, सुंदर आहे, मशीनमधे नव्वदच्या जवळ आला, त्यावर जास्त काही नाही.

चौथं मोठं नाणं म्हणजे आमच्या घरातला इतिहास. भरघोस छातीची, डोक्यावर पदर घेतल्यासारखी एक राणी, मागं दोन डोक्यांचा गरुड, साल १७८०. आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांचे आजोबा हबसाणच्या (म्हणजे आजच्या इथिओपियातल्या) लढाईवर गेले होते आणि हे तिकडून आणलं. आम्ही लहानपणी हसायचो, हबसाण कुठं आणि आमचे पूर्वज कुठं. पण ती लढाई खरी आहे, १८६७-६८ मधे नेपियर साहेबाची मोहीम मुंबई इलाख्यातून फौज घेऊन आफ्रिकेला गेली, तिथल्या तेवोद्रोस राजानं काही युरोपियन लोक कैद केले होते त्यांना सोडवायला, बरोबर ४४ हत्ती पण नेले होते. आणि ऑस्ट्रियाच्या ह्या मारिया तेरेझा राणीच्या नाण्याशिवाय तिकडचा शेतकरी दाणा-वैरण द्यायलाच तयार नव्हता, म्हणून इंग्रजांना ही नाणी व्हिएन्नाहून मुद्दाम पाडून मागवावी लागली. घेणारे पण खट, मुकुटावरचे ठिपके आणि खांद्यावरची पिन स्वच्छ उठलीय का हे बघूनच घ्यायचे. येमेनची कॉफी, तांबड्या समुद्राचा सगळा व्यापार ह्याच राणीवर चालायचा.

पण साल १७८०, आणि लढाई १८६८? हा दुसरा धडा. राणी १७८० ला वारली आणि तेव्हापासून हे नाणं त्याच तारखेनं पाडतायत, आजसुद्धा. व्हिएन्ना, रोम, लंडन, आणि १९४०-४१ मधे चक्क मुंबईनंसुद्धा! म्हणजे आमचं नाणं खापरपणजोबांनी तेवोद्रोसच्या मगदला किल्ल्याच्या डोंगरावरून आणलेलं असेल किंवा एखाद्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात फोर्टातून. चांदी ८३.३ हवी, मशीननं त्याच्या आसपासच दाखवली, वजन २८ ग्रॅमला थोडं कमी, हे व्हिएन्नाच्या आणि मुंबईच्या दोन्ही नाण्यांना सारखंच लागू. मी दादांना विचारलं, मशीन वय नाही का सांगत. "वय सोनाराला न्हाई कळत ताई, आजीला कळतंय." आई तेवढ्यात डोळे पुसत होती त्यामुळं मी विषय वाढवला नाही.

मेक्सिकोनं पण असंच केलंय बरं का, १९४९ मधे चीनसाठी १८९८ च्याच तारखेचे पेसो परत पाडले. कडेचे मणी मोजायचे, जुन्याला १३९, नव्याला १३४. कुणी तुम्हाला १८९८ चा पेसो जुना म्हणून विकत असेल तर आधी मणी मोजा. हा तिसरा.

चौथा धडा माझ्या स्वतःच्या खिशातला. आठ नाणी आजीची आणि नववं माझं. दोन वर्षांपूर्वी मी जुन्या बाजारातून एक अमेरिकन ट्रेड डॉलर घेतला होता, अठराशे रुपयांना, विकणारा सहा हजार म्हणत होता आणि मी त्याला घासाघीस करून खाली आणला म्हणून घरभर मिरवले होते. हा डॉलर अमेरिकेनं खास चीनच्या व्यापारासाठी काढला होता, मेक्सिकन डॉलरला टक्कर द्यायला. मेक्सिकनपेक्षा वजनाला किंचित जड आणि चिनी पारख्याला शंका नको म्हणून नाण्याच्या पाठीवरच लिहून टाकलं, ४२० ग्रेन्स, ९०० फाईन. ४२० ग्रेन म्हणजे २७.२ ग्रॅम.

तराजूवर ठेवलं. २०.८.

दादांनी माझ्याकडं बघितलं, मी तराजूकडं. मशीनमधे घातलं तर तांबं, जस्त, निकेल, आणि चांदीच्या रकान्यात शून्य पूर्णांक काहीतरी. पाण्यात बुडवायची गरजच नव्हती पण मी हट्टानं बुडवायला लावलं, भागाकार पावणेनऊच्या आत. वाजवून बघितलं, खणखणीत सोडा, भांड्याच्या झाकणासारखा आवाज. मग मला सुचलं की हे नाणं अमेरिकेनं काढलं कधी, तर १८७३ मधे. आणि माझ्यावर साल? १८७२! म्हणजे दोन वर्षं मी ते कपाटात ठेवून लोकांना दाखवतेय आणि एकदाही ही साधी वजाबाकी केली नाही. एवढा इतिहास सांगत होते ना मघाशी, दादा ओठ दाबून हसू आवरत होते. मग ते पाठीवरचं वाचून म्हणाले, "आवो पर त्यानं लपवलंय कुठं, पाठीवरच लिवलंय की, चारसोबीस." जिन्यातला माणूससुद्धा हसला.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर लोक म्हणतात भाचीच असेल मालकाची. एक म्हणजे बसायला जागा नाही आणि भट्टी चालू झाली की खोलीत धग, ज्येष्ठ नागरिकांना घेऊन सकाळी दुकान उघडता-उघडताच जा. दुसरं, स्लिप थर्मल कागदावर देतात, सहा महिन्यांत कोरी होते, तिथंच फोटो काढून ठेवा. तिसरं जरा गंभीर आहे, स्लिपवर फक्त 'चांदी शिक्का' एवढंच लिहितात, नऊ नाण्यांच्या नऊ स्लिपा, नऊही 'चांदी शिक्का' (म्हणजे तो चारसोबीस पण चांदी शिक्का!), कुठली कुणाची कळायला मार्ग नाही. मी प्रत्येकीच्या मागं पेनानं साल लिहून घेतलं. शंभर रुपये घेताय तर वजन आणि साल टाकायला काय जातं, हे मी सांगितलं, दादा म्हणाले सॉफ्टवेअर तसंच आलंय. ह्याचा एक स्टार कापला, पाचपैकी चार.

अजून दोन गोष्टी. आटवायला फार सहज विचारतात, "गाळायचं का?" म्हणून, सवयीनं. हो म्हणू नका. ह्या नाण्यांना चांदीपेक्षा जास्त किंमत येऊ शकते आणि एकदा लगड झाली की सगळी सारखीच. दुसरं, माझा मावसभाऊ न्यूजर्सीहून म्हणत होता की मेक्सिकनवालं पाठव, इकडं लिलावात टाकतो. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता-पाठवता येत नाहीत, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, नसत्या लफड्यात पडू नका. ज्यांना ही नाणी नुसती बघायची आहेत त्यांनी मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे ते बघा.

येताना आई म्हणाली ससूनला मावशीला बघून जाऊ, तिथं बाहेर रिक्षाची वाट बघताना मी तिला सांगत बसले की ज्यांच्या देणगीवर हे हॉस्पिटल उभं राहिलं त्या डेव्हिड ससून ह्यांच्या घराण्याचा मोठा व्यापार म्हणजे चीनला जाणारी माळव्याची अफू. ते १८६४ ला पुण्यातच वारले, त्यांची कबर आपल्या लाल देवळात आहे. चहाचे पैसे म्हणून चीनमधे गेलेली चांदी अफूनं परत बाहेर काढली, एवढी की लढाया झाल्या, आणि १८४२ च्या तहात चीनला वर २ कोटी १० लाख डॉलर दंड भरावा लागला, ह्याच असल्या मोठ्या चांदीच्या डॉलरांत. आईनं पर्स जरा छातीशी धरली आणि म्हणाली, रस्त्यावर हळू बोल, डबा जवळ आहे आपल्या.

आठ नाणी परत फडक्यात बांधून देवघराखाली गेली. नववं मी आणलंच नाही. दादांनीच मागितलं, गिऱ्हाईकाला दाखवायला बरं पडतंय म्हणाले, आणि त्या बदल्यात त्याचे शंभर परत करायला निघाले, मी घेतले नाहीत. काउंटरच्या काचेखाली डाव्या कोपऱ्यात ठेवलंय, पाठ वर करून. गेलात तर बघा, आणि ठेवून घेतलंय त्याची खरी किंमत अठराशे आहे हे पण सांगा त्यांना.